गवऱ्यांची पिल्लं

बायकोच्या दहाव्याला गंगाखेडला गोदेच्या काठी कावळा शिवेना. पिंड मांडून पाऊण तास झाला. समोरच्या बाभळीवर आठ-दहा कावळे बसलेले होते, पण त्या दिवशी घाटावर आमच्या आधी चार घरची पिंडं होऊन गेली होती. पोट भरलेलं पाखरू खाली कशाला उतरंल? माझं म्हणणं एवढंच होतं.

पण माझी थोरली बहीण, अक्का, हट्टानं गाडीत बसून घाटावर आलेली. ती म्हणाली, "तिचा जीव कशात तरी आडकलाय. बोला रे एकेक."

पोरगा हात जोडून म्हणाला, "आई, बापाला सांभाळतो." कावळा हलला नाही. अक्का म्हणाली, "तुझ्या पाटल्या तुझ्या लेकीलाच देतेत." कावळ्यानं पंखात चोच घालून खाजवलं. तिचा जीव कशात आहे ते मला ठाऊक होतं, पण चारचौघांत सांगायची शरम वाटत होती. ऊन चढलं, माणसं भुकेली झाली. शेवटी मी खेकसलो, "तुझ्या गवऱ्या मी सांभाळतो! वर्षाच्या आत पिल्लं काढून दाखवतो, जा!"

कावळा खाली आला आणि भाताला चोच मारून गेला.

लोक माझ्याकडं बघायला लागले. बायको गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. गवरीला कुठं पिल्लं होतात?

त्या गवऱ्या म्हणजे मासे. बायकोचे गुडघे गेले, शेतात जाणं बंद झालं, तेव्हा पुण्याच्या लेकीनं तिला मन रमवायला काचेची पेटी आणून दिली. त्यात हे पाच. डोंगरातल्या वाहत्या ओढ्यातली जात. अंगानं चपटी, वर काळी-पिवळी नक्षी, आणि पाण्याची धार लागली की पोटानं दगडाला चिकटून बसायचं. काचेला चिकटले की थेट भिंतीवर थापलेल्या गवऱ्या. नाव तिनंच ठेवलं. तिनं वाळूत पाण्यातली झाडं लावली, लाकडाच्या तुकड्याला दोऱ्यानं शेवाळ बांधलं आणि दोन वर्षं त्यांना पिल्लं व्हायची वाट बघितली. दिवसातून दहादा मला हाक मारायची, "अवो, या की. बघा तरी."

मी चौथी शिकलेला, जन्मभर बोअरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारा मिस्त्री. माझं ठरलेलं उत्तर होतं, "ह्याचं कालवण किती होईल?"

राणीसावरगावला घरी आल्यावर अक्कानं मला कोपऱ्यात घेतलं. "कावळ्याला शब्द दिलायस. वर्षाच्या आत पुरा न्हाई केलास तर ती तशीच ताटकळत बसंल."

ह्या गोष्टी मी मानत नाही. पण जिनं चाळीस वर्षं ताट वाढून माझी वाट बघितली, तिला मेल्यावरही ताटकळत ठेवायचं, हे काही बरं वाटेना.

पहिली लढाई उन्हाळ्याशी झाली. ह्या माशाला गार पाणी लागतं आणि आमच्याकडं चैतात नळाचं पाणी हात भाजतं. मी पेटी मधल्या खोलीत नेली, घरातला एकुलता कूलर तिच्याकडं तोंड करून लावला आणि स्वतः छातीवर ओला टॉवेल टाकून पडलो. बोअरचं पाणी खारट, म्हणून विकतचा गार पाण्याचा जार रोज त्यांना. मी बोअरचंच प्यायचो. सून मला मामा म्हणते. एक दिवस ती रिकामे जार बघून म्हणाली, "मामा, एवढं पाणी तुमी एकटे प्यायलात?"

"तहानच लय लागायलीय."

तिला वाटलं साखर झाली. गंगाखेडला नेऊन माझं रक्त काढलं. त्यात काही निघालं नाही, आणि माशांचे जार चालू राहिले. तरी दोन गवऱ्या मे महिन्यात गेल्याच. परसात पुरल्या. उरल्या तीन.

दसऱ्यानंतर थंडी पडली. मी जुन्या कूलरचा पंप दुरुस्त करून पेटीत धार सोडली, अगदी ओढ्यासारखी. तिन्ही खूश. एकानं मोठ्या दगडाखालची वाळू शेपटीनं उकरून खड्डा केला. दिवाळीत बघतो तर काचेवर तिळाएवढं काहीतरी सरकतंय. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पंपाची जाळी उघडली, तर सगळे तीळ आत. जन्मभर मोटारी भरल्या आणि माझ्याच मोटारीनं माझी पिल्लं गिळली.

मग पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला. तो सोफ्याच्या गादीतून खालच्या बाजूनं कापला होता. सुनेला अजून ठाऊक नाही, हे वाचून कळेल.

मार्गशीर्षात पुन्हा पिल्लं झाली. नऊ मोजली. अंग काचेसारखं आरपार, दोन डोळे आणि मधे एक काळी रेघ. दगडावर आणि काचेवर धरलेलं हिरवं बुळबुळीत, तेच त्यांचं खाणं. म्हणून काच पुसायची नाही असा मी दम दिला होता. का, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी अक्काच्या नाकासमोर नऊ पिल्लं धरायची आणि तिचं तोंड बघायचं, एवढीच हौस होती. तीच नडली.

वर्षश्राद्धाला पाच दिवस होते. मी पत्रावळी आणायला सोनपेठच्या बाजाराला गेलो. परत आलो तर पेटी आरशासारखी चकचकीत. दगड काथ्यानं घासून पांढरेफेक केलेले आणि भिंतीच्या कडंला उन्हात वाळत घातलेले. श्राद्धासाठी आधीच येऊन राहिलेली अक्का कमरेला पदर खोचून उभी.

"पाव्हणे येणार, आन घरात हे डबकं! सूनबाईला घेऊन सकाळपासनं घासायलाव."

"साबण लावला का?" मी ओरडलो.

"न्हाई मामा," सून घाबरून म्हणाली, "नुसता काथ्या."

साबण नव्हता, म्हणून जीव तरी वाचले असतील. मी पालथा पडून बघितलं. तिन्ही मोठ्या गवऱ्या धड होत्या, शेवाळात दोन पिल्लं दिसली. बाकीची कुठं गेली कळेना, आणि ह्या दोघांना खायला आता पेटीत काहीच नव्हतं. पांढरे दगड पुन्हा हिरवे व्हायला तीन आठवडे लागतात. माझ्याकडं पाच दिवस.

मग मी हिरवे दगड चोरायला निघालो. धुण्याचा दगड चालत नाही, त्याला साबण असतो. सगळ्यात उत्तम म्हणजे म्हशीच्या हौदातला. शेजारणीच्या हौदात कोपरापर्यंत हात घातला होता, म्हैस माझ्या मानेवर श्वास सोडत होती, तेवढ्यात शेजारीण आली.

"आबा, काय करायलात?"

बायको गेलेल्या माणसाला एक सवलत असते, त्याच्या येडेपणाला कुणी हसत नाही. मी तोंड पाडून म्हणालो, "हिच्या वर्षश्राद्धाला हिरवा दगड लागतो, माय. पाण्यातला. साबण न लागलेला."

तिनं डोक्यावर पदर घेतला, दगडाला हात लावून नमस्कार केला आणि आणखी दोन काढून दिले.

गोष्ट तिथं संपायला पाहिजे होती. पण शेजारीण ती शेजारीणच. वर्षश्राद्धाच्या सकाळी दारात बाया उभ्या, प्रत्येकीच्या ताटलीत एक हिरवा दगड. कुणी नदीचा आणला, कुणी विहिरीचा, एकीनं तर टाकीखालची फरशीच फोडून आणली. "तिनं आमचं लय केलं," म्हणत त्या रडायला लागल्या. मलाही रडू आलं, आणि हसूही, दोन्ही एकदम.

अक्का सरळ गुरुजींकडं गेली. "हे दगडाचं आमी कधी ऐकलं न्हाई. हाय का शास्त्रात?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, बायांकडं बघितलं. "आहे, आहे," ते म्हणाले. "जलशिला. काही घराण्यांत असते."

त्यांनी हळदीत बोट बुडवलं. मी धावत गेलो. "हळदकुंकू न्हाई लावायचं, गुरुजी! आमच्या घराण्यात कोरडीच... म्हणजे ओलीच वाहतेत." बाया एकेक करून आल्या, हात जोडले आणि पेटीत दगड सोडला. आठव्या दगडाला पाणी काठावर आलं. मी म्हणालो, "बास. बाकीच्या बादलीत ठेवा, उद्या वाहतो."

पत्र्यावर पान ठेवलं. कावळा लगेच आला. अक्का म्हणाली, "शिवला. म्हंजे झाली का पिल्लं? कुठं हायेत?"

"हायेत," मी म्हणालो. पण सकाळपासून मला एकही दिसलं नव्हतं. कावळ्याला मी एकदा फसवलं असेल, बायकोला जन्मात फसवता आलं नाही.

जेवणं झाली, पाव्हणे गेले. मी पेटीसमोर पाट घेऊन बसलो. दगडांनी पाणी गढूळ झालेलं. ते निवळायला दुपार गेली. मग म्हशीच्या हौदातल्या दगडावर पापणीचा केस गळून पडावा तसं काहीतरी दिसलं. केस पुढं सरकला. त्याच्या मागं दुसरा.

"अगं ये, बघ की!" मी हाक मारली.

हाक घरात घुमली. ह्या खोलीत ही हाक नेहमी तिचीच असायची.

सून खरकट्या हातानं पळत आली. माझ्याशेजारी जमिनीवर बसली, काचेला नाक लावलं. "मामा, हे चरायलंय. म्हशीवानी." मग म्हणाली, "चार हायेत."

"पाच."

"चारच. ती पानाची काडी हाय."

"काडीला डोळे असतेत का?"

आमचं भांडण ऐकून अक्का आली. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला, पेटीच्या चारी बाजूंनी फिरली. "मला तर दगडच दिसायलेत. एवढं वर्षभर राबलास, आन हे एवढुसं? कशाच्या कामाला यायचं हे?"

कालवणाचं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. ते तसंच गिळलं.

"दिसत न्हाई तर हात जोड आन गप बस," मी म्हणालो.

अक्कानं हात जोडले.

शेजारणीची म्हैस आता हौदात तोंड घालते आणि चाटायला काही सापडत नाही म्हणून माझ्याकडं बघते. मी दगड परत केलेले नाहीत. पुढच्या वर्षी लागतात, असं सांगून ठेवलंय.