इंदूकाकूंचा आग्रह

हेमंतदादाचा फोन आला तेव्हा मी एडिसनच्या स्टेशनवर ऑफिसच्या ट्रेनची वाट बघत होतो. "अरे, आई गेली... झोपेतच," एवढंच तो म्हणाला. ट्रेन आली, माणसं चढली, ट्रेन गेली. मी तिथंच उभा होतो. इंदूकाकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. अर्कान्सामध्ये शिकत असताना स्प्रिंगडेलच्या त्यांच्या घरी मी खालच्या खोलीत भाड्यानं राहत होतो, इतकंच. पण आज मी जो काही आहे त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

मी पुसदच्या मराठी शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. मी राहायला आलो त्याच थंडीत काकूही संगमनेरहून आल्या होत्या. काका गेल्यावर तिकडे त्यांचं बघणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून हेमंतदादानं त्यांना आणलं होतं. दादा-वहिनी ऑफिसला गेले की घर मुकं व्हायचं. "अरे, दिवसभर माझा आवाज मलाच ऐकू येत नाही," त्या म्हणायच्या. "मार्च लागला की मी चालले. तिकीट आहे माझ्याकडे." दादाला ते तिकीट सलत होतं. संगमनेरच्या बंद घरात आई एकटी कशी राहणार, ही त्याची काळजी, आणि इथं कशी राहणार, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

समोरच्या घरात मार्शल बेटांवरून आलेलं एक कुटुंब होतं. त्या बेटांवरचे खूप लोक गावातल्या कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यांत कामाला होते. मुलं-सुना कामावर गेल्या की घरात म्हातारी उरायची. सगळे तिला बुबू, म्हणजे आजी, म्हणत. इंग्रजी तिलाही येत नव्हतं. काकू फिरायला निघाल्या की ती दारातून हाक मारायची, "इतोक, मोंगा!" आणि बोटं तोंडाकडे न्यायची. ये, जेव. काकू हसून "नको, नको" अशी मान हलवायच्या, आणि बुबू खुशाल आत निघून जायची. एक दिवस काकू घरी आल्या त्या फुरंगटूनच. "पहिल्याच नकोला ऐकलं हो तिनं! असं कुणी ऐकतं का?"

मी हसलो. पण त्यांनी ते मनावर घेतलं असावं, कारण दोन-चार दिवसांनी त्यांनी पहिल्याच हाकेला मान डोलावली आणि आत गेल्या. चटईवर मांडी घालून नारळाच्या दुधातला भात खाऊन आल्या. "किती दिवसांनी जमिनीवर बसून जेवले रे!"

मग रोज जाणं सुरू झालं. दोघींची शिकवणी मी कधीकधी दारात बसून पाहायचो. वस्तूंच्या नावांवर गाडी अडायची. बुबूला नीरफणस, होडी, भरती सांगायची असायची, काकूंना अंगण आणि पाटा-वरवंटा, आणि बोट दाखवायला त्यातलं काहीच अर्कान्सात नव्हतं. क्रिया मात्र दोघींसोबत इथवर आल्या होत्या. बुबू बसायची आणि म्हणायची, "जिजेत." पेला उचलायची, "इदाक." डोळे मिटून घोरायची, "कीकी," की काकू खुदखुदायच्या आणि म्हणायच्या, "झोप!" एकदा काकूंनी काकांचा फोटो नेला होता. त्या दिवशी 'जांग' हा शब्द आला... रडणे. तो काही करून दाखवावा लागला नाही.

मार्च आला तेव्हा काकू जेवणाच्या टेबलावर म्हणाल्या, "हेमंत, ते तिकीट कॅन्सल कर. बुबूला उद्या येते म्हणून सांगून आलेय." दादानं मान खाली घालून पोळी तोडली.

त्यानंतर काकूंनी आमच्यातला आग्रह सोडला. मी सवयीप्रमाणे "जेवून आलोय काकू" म्हणालो, तर त्यांनी ताट सरळ फडताळात ठेवलं! "बुबूकडे एकदाच विचारतात. भूक असेल तर हो म्हणायचं, लाजायचं काय त्यात?" मी खरंच उपाशी होतो. दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून म्हणालो, "काकू, भूक लागलीय." मग पुढच्याच आठवड्यात कॉलेजातल्या सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं की मला समजलं नाही, पुन्हा सांगा. इंग्रजी मोडकं होतं. सरांनी खुर्ची पुढे केली. तिथून माझं शिक्षण खरं सुरू झालं.

तेराव्याला स्प्रिंगडेलला गेलो तेव्हा समोरच्या दारातून हाक आली, "इतोक, मोंगा." बुबू आता वाकली होती. मी चटईवर बसलो. तिनं ताट ठेवलं, भाताशेजारी काकूंच्या बरणीतलं लिंबाचं लोणचं. मला खरंच नको होतं. "जाब," मी म्हणालो, नको, आणि ताटावर हात धरला. ती आता ताट उचलेल, हे मला ठाऊक होतं. तिनं उचललं नाही. माझा हात बाजूला सारला, आणखी एक चमचा भात वाढला आणि थेट काकूंच्या सुरात, 'रे' लांबवत म्हणाली, "घे रे... थोडं घे."

आमच्या घरातून गेलेला तो आग्रह काकूंनी इथं ठेवला होता तर! मी ताट पुढे ओढलं.