रस्त्याकडच्या सहा ओळी

आमच्या सासऱ्यांना पिकात गवताची काडी दिसली की जेवण जायचं नाही. मांजरी गावच्या रस्त्याने जाणारे लोक त्यांचं स्वच्छ रान बघायला गाडी हळू करायचे. अशा माणसाला मी म्हशींच्या चाऱ्याचा जुना लसूणघास न मोडता त्यातच मका पेरायला सांगितला.

कारण साधं होतं. नवऱ्याने बजावलं होतं, यंदा हिरवा चारा विकत आणावा लागला तर दोन्ही म्हशी विकायच्या. आणि सासऱ्यांचा सगळा जीव त्या म्हशींत. मी खराडीच्या ऑफिसात बसणारी बाई, पण एका शेतकी शिबिरात ऐकून आले होते: घास जमिनीलगत कापायचा, मध्ये चर काढून मका टोकायचा. घास खाली जमीन झाकतो, तण दाबतो, मक्याला खतही देतो. चारा दोन्हींचा.

"एका ताटात दोघं जेवणार म्हणायचे," सासरे म्हणाले. पण ऐकलं.

मका गुडघ्याला आला. एका शनिवारी मी चहा घेऊन गेले, तर रस्त्याकडच्या सहा ओळींतला घास गायब. कुदळीने मुळासकट काढलेला.

"लोक इचारत्यात, रानात गवत माजलंय, म्हातारा आजारी हाय का," सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले.

माझं टाळकं सरकलं. "मग वैरणही लोकांकडूनच मागा," मी म्हणाले आणि चहा बांधावर ठेवून तडक घरी आले.

कुदळीने मक्याची मुळंही तुटली होती. त्या सहा ओळी पिवळ्या पडल्या, हरळीचं तण माजलं. आतला मका मात्र माझ्या डोक्यावर गेला. मी काही संत नाही. रोज संध्याकाळी मुद्दाम त्या पिवळ्या ओळींपाशी उभी राहायचे, सासरे बघत असताना.

मग त्या पिवळ्या ओळी बघून, यंदा चारा विकतच आणावा लागणार असं धरून, नवऱ्याने कुणाला न विचारता म्हशींचा व्यापारी बोलावला. सासरे त्याला गोठ्याकडे नेईनात, सरळ रानात घेऊन आले. आधी पिवळ्या ओळी दाखवल्या.

"हे माझं. चुकलं माझं. आतलं सुनेचं. वैरण घरची हाय, म्हशी द्यायच्या न्हाईत."

अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून 'चुकलं' मी पहिल्यांदा ऐकलं, तेही परक्या माणसासमोर. इतके दिवस मला तेच तर ऐकायचं होतं. ऐकलं, आणि वाटलं, त्यांना हे बोलायला लागण्याआधी त्या सहा ओळी मी केव्हाच गुपचूप कापून टाकायला हव्या होत्या.