पडद्याची मागची बाजू

आमच्या गावात सिनेमा आला की पटांगणात दोन बांबूंना पडदा बांधत. पुढे गाव बसायचं, मागे आम्ही, बौद्धवाडीतले. मागूनही चित्र दिसायचं, फक्त आरशातल्यासारखं उलटं. तिकडे बसा असं कोणी सांगत नसे. पाय आपसूकच वळायचे.

ऐंशीच्या दशकात मी गावच्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले. तेव्हा मुंबईची काही मुलं जीपमधून प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरत. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या माणसांवरचा सिनेमा घेऊन ती शेजारच्या हातखंब्याला आली, तशी मी त्यांना आमच्याकडे बोलावलं. आणि पडदा थेट शाळेच्या भिंतीवर खिळे मारून लावायला सांगितला. मी मुळातच डोक्यानं गरम. म्हटलं, आता बघतेच कोण मागे बसतं ते.

करून बसले खरी, पण दिवेलागणीला माझी पाचावर धारण बसली. वाडीतली माणसं नेहमीप्रमाणे वळसा घालून गेली, मागे नुसती शाळा बघून परत आली आणि कडेला उभी राहिली. सगळ्यांत पुढे माझे बाबा. आता हे घरी जाणार. लेकीनं चारचौघांत शोभा केली म्हणणार, आणि पुन्हा कधी पडद्यासमोर यायचं नाव काढणार नाहीत. माझ्या डोक्यात तेवढंच.

सिनेमा इंग्रजी, म्हणून मी उभी राहून मराठीत सांगत होते. गोऱ्यांचा बाक वेगळा, काळ्यांचा वेगळा. काळ्यांनी गोऱ्यांच्या बाकावर बसायचं नाही.

"काय मेली ही माणसं," देवळाशेजारच्या काकू पुढून म्हणाल्या.

मी कडेला उभ्या बाबांकडे बघत राहिले. काकूंनीही मान वळवून तिकडे पाहिलं. मग त्यांनी आपलं गोणपाट जरा बाजूला ओढलं आणि बाबांना म्हणाल्या, "बसा हो. उभ्यानं किती वेळ बघाल?"

बाबा बसले. त्यांच्यामागोमाग अख्खी वाडी बसली. मला इतकं हायसं वाटलं की पुढे मी काय सांगितलं ते माझं मलाच ठाऊक नाही.

घरी जाताना बाबा झपझप पुढे चालत होते. रागावलेत की काय, म्हणून मी हळूच विचारलं, "कसा वाटला सिनेमा?"

"बरा होता." थोडं चालून ते हसले. "ती माणसं उजव्या हातानं जेवत होती गो. मी आपला इतकी वर्षं समजत होतो, सिनेमातली माणसं सगळी डावखुरीच असतात."