हुसेनचाचा आणि नळीतली मिरची

बंदूक दुरुस्तीला आली की हुसेनचाचा आधी परवाना बघायचे, मग माणूस. परवाना नसेल तर सख्ख्या मेहुण्यालाही पडवीची पायरी चढू देत नसत. मग नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचे. म्हणायचे, "बार चुकला की मानूस आधी पावसाला दोष देतो. नळीला इचारायचं."

शेलार गावात त्यांच्या पडवीत लेथ होती. आठवडाभर पॉवरलूमचे पार्ट, शुक्रवारी नमाजानंतर बंदुका. रानडुकरांपायी परवाना काढलेले अंबाडीपर्यंतचे शेतकरी त्यांच्याकडेच यायचे.

मी नारपोलीहून अंबाडीजवळ सून म्हणून गेले तेव्हा अठराची होते. अक्कल माहेरीच विसरले होते. सासूबाई गावाला गेलेल्या, मसाला कुटायचा होता आणि मुसळ शेजारणीने नेलेलं. कोपऱ्यात सासऱ्यांची दुनळी बंदूक साफसफाईसाठी सुटी करून ठेवलेली. नळ्या लांब, जड, गोल. मी त्या उखळात घातल्या आणि दोन शेर मिरची कुटली. वर स्वतःचं कौतुकही केलं! तोंडाशी नळी दबल्याचं दिसलं, तेव्हा पुसून गप्प बसले.

भात तयार होत आलं होतं. डुकरांवर बार काढण्याआधी बंदूक एकदा तपासून घ्यावी म्हणून सासरे शेलारला निघाले. मला पुढे माहेरी जायचं होतं, म्हणून मीही सोबत.

चाचांनी नळी डोळ्याला लावली आणि तीनदा शिंकले.

"तात्या, बंदूक हाय का मसाल्याचा डबा?" मग टोकावरून बोट फिरवलं. "तोंड दबलंय. चोक गेला." छर्रे फार फाकू नयेत म्हणून नळी टोकाशी किंचित आवळलेली असते, तो चोक. "दबल्यावर बार काढलाव काय?"

"दबली कवा तेच ठाव न्हाय, तर काय सांगू?"

"मंग मी हात लावनार न्हाय. बार काढला असंल तर आत चीर असंल. पुढच्या बाराला तुमचा हात जाईल."

हे सासऱ्यांना सांगताना बघत मात्र माझ्याकडे होते. माझं नाक वाहायला लागलं.

"मी मिरची कुटली," मी रडत म्हटलं. "चार दिवस झाले. तेव्हापासून बंदूक खुंटीवरच होती."

सासरे थक्क. "म्हंजे चार दिस आमी बंदूक खातोय?"

"तरीच तात्या, तुमचा आवाज मोठा," चाचा म्हणाले. मग मला, "सूनबाई, बोललीस, झ्याक केलंस. आता काम करता येईल."

पितळेची दांडी आत घालून, लाकडी हातोडीने सुतासुताने त्यांनी ती नळी गोल केली. पहिला बार बंदूक टायरला बांधून, भिंतीआडून दोरी ओढून. दुसरा स्वतःच्या खांद्यावरून. सासरे पुढे झाले तर ओरडले, "दुरुस्ती माझी, खांदा बी माझा!"

गेल्या वर्षी माझा मुलगा तीच दुनळी घेऊन चाचांकडे गेला, मीही गेले. चाचांनी बराच वेळ आत पाहिलं. पडवीत चार गिऱ्हाइकं बसलेली. नळी खाली ठेवून त्यांनी चहाचा कप उचलला.

"मला आतलं दिसत न्हाय आता. दुसरीकडं न्या. तुमीबी न्या रे सगळे."

स्वतःला कमीपणा आणणारी गोष्ट सांगायला मी पदर भिजवला होता. त्यांनी ती चहाच्या दोन घोटांमध्ये सांगितली.