गोदूचा कळफलक

गोदावरी गायकर मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झाली १९८६ साली, अंबरनाथ पश्चिमेच्या एका इन्स्टिट्यूटमधून. बदलापूरजवळच्या तिच्या आगरी गावात तोवर कुणी मुलगी टायपिंग शिकली नव्हती. पुढे ती उल्हासनगर कॅम्प एकमध्ये लोकूमल शेठच्या प्रेसात लागली. सोसायट्यांच्या नोटिसा, कोर्टाचे अर्ज, मराठीतलं सगळं तिच्याच मशीनवरून जायचं. शेठ तिला गोदूबाई म्हणायचे.

१९९४च्या मार्चमध्ये तिचा नवरा नाथा काविळीने गेला. अकरा दिवसांचं दुखणं. गोदू रडली नाही. सासू सखूबाई शेजारी बसून पाठीवरून हात फिरवायची. "रड गो बाय, मोकली हो," म्हणायची. गोदूला ते ऐकू यायचं, कळायचंही, पण कुणा दुसरीलाच सांगतायत असं वाटायचं. ती भात रांधायची, वाढायची, स्वतःही खायची. चव लागत नव्हती.

महिन्याने कामावर गेली तर तिच्या टेबलावर टाइपरायटर नव्हता, कॉम्प्युटर होता. शेठनी समजावून सांगितलं, आता सगळी छपाई यावरच. ती बसली, सवयीने बोटं टेकवली आणि 'विनंती अर्ज' मारलं. पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली. या मशीनवर इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायचं होतं; क हवा तर के दाबायचा. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इथे नंतर. मिनिटाला चाळीस शब्द मारणारी बाई सहा-सातवर आली.

पंधरा दिवसांनी शेठनी तिला बोलावलं. कॉम्प्युटर शिकलेली एक मुलगी येणार होती.

"तुम्ही प्रूफ बघा गोदूबाई. तुम्हाला काढत नाही मी."

ती बरं म्हणाली. वाईट वाटायला हवं होतं हे तिला कळत होतं. वाटलं काहीच नाही.

पण बोटांना ते पटत नव्हतं. प्रूफ वाचताना ती टेबलाच्या कडेवर बोटं जुन्याच जागी आपटत राहायची. मशीन बसवून देणारा हिंदुराव नावाचा माणूस दुरुस्तीला आला, तेव्हा तिने त्याला विचारलं, या कळांची अक्षरं बदलता येतात का. त्याने सांगितलं, आत एक तक्ता असतो, कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर यावं याचा. तो नव्याने भरता येतो, पण एवढा उपद्व्याप कुणी करत नाही.

गोदूने केला. रोज प्रेस उघडायच्या तासभर आधी यायची. जुनं मशीन मागच्या खोलीत धूळ खात होतं. त्याची एकेक कळ वहीत उतरवून तिने तो तक्ता भरला. अर्धा ग, मग काना, की झाला ग. रफार, जोडाक्षरं. दोनदा सगळं पुसलं गेलं, तिने पुन्हा भरलं. तिला राग आला नाही की कंटाळाही. सव्वा महिन्याने तिने शेठना बोलावलं आणि त्यांच्यासमोर न बघता एक अख्खा अर्ज मारून दाखवला. शेठनी पडद्यावरचा अर्ज वाचला, मग म्हणाले, "मुलगी पण येईल, तुम्ही पण बसा."

त्यानंतर शेठची आत्या मोतीबाई एक वही घेऊन आल्या. त्यांना सिंधी भजनं देवनागरीत छापून हवी होती, कारण नातवंडांना सिंधी लिपी वाचता येत नव्हती. सिंधीत चार अक्षरं जास्तीची. ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ. गोदूने एका रिकाम्या कळेवर ती रेघ बसवली. पण कुठे मारायची हे कानाने कळावं म्हणून तिने मोतीबाईंना उच्चार विचारला.

"साँस अंदर खींच, बेटी. बाहर मत छोड."

गोदूने ओढला. घशातून बेडकासारखा आवाज निघाला. मोतीबाईंनी करून दाखवलं, तिने पुन्हा केलं, पुन्हा बेडूकच. दोघी समोरासमोर बसून ड्राँव ड्राँव करत होत्या आणि गोदू एकदम हसली. खुर्चीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चार महिन्यांत पहिल्यांदा. मोतीबाईंनी वहीचं पान उलटलं. घरी गेल्यावर पुन्हा तेच मख्खपण होतं. पण त्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालंय हे तिला जेवताना कळलं.

हिंदुरावने तिचा तक्ता फ्लॉपीवर घेतला. विचारून घेतला. मग तो तक्ता कॅम्पातल्या दुसऱ्या प्रेसांत गेला, अंबरनाथच्या झेरॉक्सवाल्यांकडे गेला, बदलापुरात गेला. फाइलचं नाव त्याने गोदू असंच ठेवलं होतं.

१९९७मध्ये वांगणीहून पदू नावाचे एक गृहस्थ प्रेसात आले. पन्नाशी उलटलेली, तीस वर्षं टायपिंग केलेले. त्यांनी विचारलं, गोदू म्हणजे कोण. शेठनी तिच्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "मला वाटलं, कंपनीचं नाव असेल." मग उभ्या उभ्याच सांगितलं की त्यांना घरी पाठवणार होते, या फाइलमुळे राहिले.

 गोदूने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि दोन चहा सांगितले.