चार की चाळीस

लहानपणी ती भिंतीवरच्या घड्याळालाही "असं का?" विचारायची. घरच्यांनी तिचं नाव 'चौकशी' ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. मोठी होऊन ती वेबसाइट बनवू लागली. पोहण्याच्या क्लबची साइट तिने आत्याच्या हट्टापायी केली होती.

आत्या साठी उलटल्यावर पोहायला शिकलेली. रविवारी ज्येष्ठांची शर्यत झाली. आत्या आणि शेजारच्या शिंपीणबाई जवळजवळ एकदमच भिंतीला टेकल्या. पुढे कोण, कुणालाच कळेना. दुपारी साइटवर वेळा लागल्या आणि आत्याचा फोन खणखणला.

"जिंकले गं! माझे अठ्ठावन्न पॉइंट चार, तिचे अठ्ठावन्न पॉइंट एकतीस. चार लहान की एकतीस?"

चौकशीला तो आकडाच खटकला. तलावावरचं वेळ मोजणारं यंत्र दशांशचिन्हापुढे नेहमी दोन आकडे देतं. मग इथे एकच कसा?

"आत्या, जरा थांब. इतक्यात बोभाटा करू नकोस."

"तो तर झाला!"

तिने लॅपटॉप उघडला. आकडे आपल्या लिपीत, आपल्या पद्धतीने दिसावेत म्हणून ते काम तिने ब्राउझरवर सोपवलं होतं. आता तिने त्यालाच विचारलं, बाबा रे, तू नेमके कोणते नियम धरून बसलायस? त्याने निमूटपणे सगळे समोर मांडले. भाषा आपली. अंक आपले. दशांशचिन्हापुढे कमीत कमी आकडे: शून्य. चौकशीने कपाळावर हात मारला. हे आपण सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच ठरवलं आणि शेवटचं शून्य फालतू समजून गिळून टाकलं! तिने तिथे दोन लिहिलं. पडद्यावर ५८.४० उमटलं.

आता मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? ती स्वतःच आत्याकडे गेली.

"चार नाही गं, चाळीस. तू हरलीस. नऊ शतांश सेकंदांनी."

आत्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे केवढं?"

"पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो."

आत्या अशी खदखदून हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "सहा महिन्यांपूर्वी मी काठ सोडत नव्हते. आणि आज एका पापणीने हरले!" तिने लगेच फोन लावला. "अहो, जिंकलात तुम्ही! अभिनंदन!"

पलीकडून शिंपीणबाई कळवळल्या, "अगं बाई! मी तर बक्षीस म्हणून तुमच्यासाठी टॉवेलच्या कापडाचा झगा शिवायला घेतला. तुमच्याच मापाचा. मी घातला तर माझ्यासारख्या दोघी मावतील त्यात!"

"मग शिवा की," आत्या म्हणाली, "दोघी मिळूनच घालू."

चौकशी पोट धरून हसत खाली बसली.