हंस डावीकडे

दर गुरुवारी दहा वाजता मिस लोरेटा आमच्या लायब्ररीत येतात. वय ब्याऐंशी, सगळी नोकरी टोमॅटो डबाबंद करण्याच्या कारखान्यात गेली. पूर्व बाल्टिमोरच्या जुन्या फोटोंची खोकी आमच्याकडे पडून आहेत, मागे एक अक्षर नाही. त्या भिंग धरून बघतात, नाव सांगतात, मी पेन्सिलीने लिहिते, खाली त्या सही करतात. आजवर चुकलेल्या नाहीत.

मागच्या महिन्यात एक फोटो निघाला. शनिवारची सकाळ, दारापुढच्या संगमरवरी पायऱ्या, आणि गुडघ्यांवर बसून त्या घासणारी एक बाई. डोक्याला रुमाल, पाठ आपल्याकडे. ब्रश डाव्या हातात.

"माझी आई," मिस लोरेटा म्हणाल्या. "डावखुरी होती."

तळघरात पाणी शिरलं तेव्हा त्यांच्या आईचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून चेहरा सोडाच, पाठही त्यांनी पाहिलेली नव्हती.

पण तोच फोटो त्यांच्या लहानपणच्या शेजारीण डॉट यांनीही पाहिला. "लोरेटा, माझ्या आईची पाठ मी ओळखणार नाही होय? अर्धी गल्ली झाकायची."

"तुझी आई उजव्या हाताने घासायची. तेही कोपरे सोडून."

"कोपऱ्यांचा विषय काढू नकोस हं आता."

लायब्ररीच्या प्रदर्शनात फोटोखाली नाव एकच लागणार होतं. पुढच्या गुरुवारी ठरवू, मी म्हणाले.

त्या गुरुवारी दोघी शेजारी बसल्या. मिस लोरेटांनी भिंग फिरवत फिरवत फोटोतल्या पायऱ्यांशेजारच्या खिडकीवर आणलं. त्यांच्या गल्लीत प्रत्येक खिडकीच्या जाळीवर रंगवलेलं चित्र असायचं : आतून रस्ता दिसतो, बाहेरून नुसतं चित्र. लाल छपराचं घर, तळं, दोन हंस. साऱ्या गल्लीच्या जाळ्या एकाच माणसाने रंगवलेल्या, सगळ्या सारख्या. भिंग तिथेच थांबलं. बराच वेळ.

"काय झालं?" डॉटनी विचारलं. त्यांना चष्म्यानेही धड दिसत नाही.

मिस लोरेटा उठल्या. फोटो लायब्ररीच्या खिडकीच्या काचेला लावून त्यांनी उजेडात मागच्या बाजूने पाहिला.

"घर कायम उजवीकडे, हंस डावीकडे. त्याने कधी बदललं नाही. इथे सगळं उलटं आहे. निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापलाय."

मला कळायला एक क्षण लागला. उलटा छापलेला, म्हणजे ब्रश उजव्या हातात. त्या गप्प राहिल्या असत्या, तर हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

"लिही पोरी. हेलेन, डॉटची आई."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच, टोकदार.

डॉटनी फोटो जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, "आईचे वीसेक फोटो आहेत माझ्याकडे. त्या दोघी सदान्‌कदा एकत्र. एखाद्यात तुझी आई मागे कुठेतरी उभी असेल."

"असेल म्हणजे? इतकी वर्षं बघितलं नाहीस?"

"मी माझ्या आईला बघत होते. तुझीला तू शोध."

"घर आवरलेलं आहे का?"

"नाही."

"मग कॉफी मीच करते," म्हणत मिस लोरेटांनी कोट चढवला. टेबलावरचं खोकं अजून अर्धं बाकी होतं. दाराशी त्यांनी डॉटचा हात धरला आणि दोघी सावकाश जिना उतरल्या.